ताम्हण लावायचा की बहावा? मुंबईत दारात सावलीचं झाड लावणाऱ्या नवख्यांसाठी

मे महिना आला की बहाव्याचे फोटो ग्रुपवर फिरायला लागतात आणि मग जूनमध्ये जो तो नर्सरीत जाऊन "ते पिवळ्या फुलांचं द्या" म्हणतो. फुलासाठीच लावणार असाल तर काही बोलायचं नाही, बहाव्यासारखं फुलणारं दुसरं झाड आपल्याकडे शोधून सापडणार नाही. पण तुम्हाला हवीय सावली. बैठ्या घराच्या अंगणात, तळमजल्याच्या फ्लॅटपुढच्या तुकड्यात, नाहीतर सोसायटीच्या कंपाउंडमध्ये वेस्ट साइडला, जिथे दुपारी भिंत हात लावू देत नाही. तर मग फुलाचा रंग, उंची, किंमत हे सगळं नंतर, आधी एकच विचारायचं: एप्रिल-मेमध्ये दुपारी चार वाजता या झाडावर पानं असतात का?

दोन्ही झाडं देशी, दोन्ही पानगळीची, दोन्ही बागेत साधारण तीस-चाळीस फुटांपर्यंत जाणारी. म्हणजे वडा-पिंपळासारखं पाया उखडून काढणारं प्रकरण नाही, आणि रेन ट्रीसारखं अख्खं कंपाउंड झाकणारंही नाही. म्हणूनच नवीन माणसाने या दोघांतून निवडावं असं मला वाटतं. गुलमोहराचं नाव कोणी ना कोणी काढतंच, पण त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी, आणि दर पावसाळ्यात मुंबईत गाड्यांवर पडलेल्या झाडांमध्ये गुलमोहर असतोच असतो. घराला लागून नको.

आधी दोघांचं वर्ष कसं जातं ते बघा

ताम्हणाची पानं मोठी, चार ते आठ इंच लांब, जाडसर. थंडी सुरू झाली, म्हणजे आपल्याकडे जेवढी काय होते तेवढी, की ती एकेक करून तांबूस, विटकरी, कधी चक्क लाल होतात. मुंबईत पान असं रंग बदलून गळताना बघायचं असेल तर हे झाड आणि देशी बदाम, बाकी फारसं काही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी गळती, मग काही आठवडे नुसता सांगाडा आणि त्यावर गेल्या वर्षीची वाळकी, लाकडासारखी कडक बोंडं. मार्चच्या शेवटाला नवी पालवी येते, एप्रिलात झाड भरतं, आणि त्या भरलेल्या हिरव्यावर फांद्यांच्या टोकाला जांभळ्या फुलांचे तुरे येतात, पाकळ्या चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या. १ मे च्या सुमाराला ऐन बहर, आपलं राज्यपुष्प आहे म्हणून नव्हे, त्याचा सीझनच तो. पावसात कधीकधी परत थोडी फुलं येतात.

बहाव्याचं उलटं. थंडीत तो छान हिरवा असतो, आणि पानं गाळायला घेतो ती फेब्रुवारी-मार्चच्या पुढे, बरोबर ऊन चढायला लागल्यावर. एप्रिल-मेमध्ये फूल भरपूर, पान जवळजवळ नाही किंवा नुकती कोवळी पालवी. त्यामुळेच तर तो एवढा पिवळाधमक दिसतो, मध्ये हिरवं काही येतच नाही! पण त्याच्याखाली खुर्ची टाकून बसलात तर डोक्यावर ऊन. पूर्ण पानं येईपर्यंत पाऊस दारात आलेला असतो, आणि जुलैमध्ये मुंबईत सावली कोणाला हवीय.

सावलीचा पोतही वेगळा. बहाव्याचं पान म्हणजे एका देठावर चार ते आठ जोड्या पत्र्या (म्हणजे छोटी उपपानं), फांद्या जराशा लोंबणाऱ्या, खाली पडते ती विरळ, हलती सावली. तिच्यात गवत येतं, कुंड्या राहतात. ताम्हणाखाली गच्च सावली, लॉन तिथे जगणार नाही.

तर माझं मत सरळ आहे: वेस्टची भिंत, बाल्कनी, बसायचा कट्टा, पाण्याची टाकी गार ठेवायचीय तर ताम्हण. गेटपाशी, पूर्वेला, रस्त्यावरून दिसेल अशा जागी शोभेला बहावा. दोन्हीला जागा असेल तर दोन्ही लावा, मध्ये वीस फूट तरी सोडा.

एक अपवाद. घर अगदी समुद्राला लागून असेल, गोराई-मढ-वर्सोव्याच्या टोकाला, खारा वारा थेट अंगावर येत असेल तर या दोघांपैकी कोणीच नको, पानं करपतात. तिथे करंज किंवा देशी बदाम लावा, त्यांना खारं चालतं.

पायरी १: ऊन कुठून येतं ते बघून जागा ठरवा

बहुतेक लोक इथे उरकतात आणि रोप मोकळ्या दिसणाऱ्या जागेत खोचून टाकतात. थांबा. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे १५ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच राहते. म्हणजे मे महिन्यात भर दुपारी झाडाची सावली झाडाखालीच, तुमच्या भिंतीला तिचा काही उपयोग नाही. उपयोग सुरू होतो तीन-साडेतीननंतर. आणि तेव्हा सूर्य असतो पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे सरकलेला. मावळताना तर चांगलाच वायव्येकडे गेलेला असतो. म्हणून भिंतीच्या पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे झुकवून जागा धरा. नैऋत्येला लावलेलं झाड मे महिन्यातल्या संध्याकाळच्या उन्हाला आडवं येत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही आणि मग झाडाला नावं ठेवतात.

आता अंतर. २५ फूट उंच झाड धरा. मे महिन्यात चार वाजता त्याची सावली पूर्वेकडे साधारण २८ फूट जाते, पाच वाजता पंचेचाळीसच्या पुढे. म्हणजे झाड भिंतीपासून १५ फुटांवर असलं तरी चार वाजता तळमजल्याची खिडकी सावलीत येते आणि पाचपर्यंत सावली पहिल्या मजल्यापर्यंत चढलेली असते. तेव्हा भिंतीला चिकटवून लावायची काहीच गरज नाही. लावूही नका, कारण इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि ताम्हणासारखं गच्च झाड भिंतीला टेकलेलं असलं की भिंत वाळतच नाही, आत पोपडे, बाहेर शेवाळ, मग सगळे मिळून झाडावर कुऱ्हाड मागतात.

माझ्या हिशेबाने घराच्या भिंतीपासून १२ ते १५ फूट, कंपाउंड वॉलपासून ६ फूट. शेजारच्या प्लॉटमध्ये फांद्या जाणारच, तेव्हा कंपाउंड वॉलपलीकडे कोण राहतं आणि ते पाल्यावरून कटकट करणारे आहेत का याचाही विचार करा, हसू नका.

थंडीत मात्र गणित बदलतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्याच २५ फुटी झाडाची भर दुपारची सावली उत्तरेकडे जवळजवळ २३ फूट पडते. झाडाच्या उत्तरेच्या बाजूला मेथी-पालकाचा वाफा किंवा कुंड्या असतील तर ताम्हण तेव्हा पानं गाळून ऊन आत सोडतो. बहावा त्या दिवसांत हिरवागार उभा असतो. इथेही ताम्हणाचाच फायदा.

पायरी २: खाली काय पुरलंय ते विचारा

सोसायटी असेल तर सेक्रेटरींकडून ड्रेनेज लाइनचा प्लॅन मागा. बहुतेक वेळा तो सापडत नाही, मग जुन्या वॉचमनकाकांना किंवा नेहमीच्या प्लंबरला धरा, त्यांना चेंबर कुठून कुठे जातंय ते तोंडपाठ असतं. ड्रेनेजची लाइन, जमिनीखालची पाण्याची टाकी, पाइप गॅस, इलेक्ट्रिकची केबल, या सगळ्यांपासून १० फूट दूर. दोन्ही झाडांची मुळं तशी भांडखोर नाहीत, पण जुन्या मातीच्या पाइपचा जोड गळत असेल तर कुठल्याही झाडाचं मूळ तिथे जाणारच. वसई-विरारकडे किंवा कल्याणच्या पुढे तारा अजून डोक्यावरून जातात, तिथे वरही बघा.

मग माती. मुंबईत बिल्डिंगच्या आवारात एक फावडं मारलं की वर चार बोटं लाल माती आणि खाली डेब्रिज: विटांचे तुकडे, टाइल्स, सिमेंटचे गोळे. कितीतरी उपनगरांत तर जमीनच भरावाची. यावर सोपी टेस्ट आहे. दोन फूट खोल खड्डा खणा, बादल्यांनी काठोकाठ पाणी भरा, ते जिरलं की परत भरा, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. पाणी गेलं असेल तर दोन्ही झाडं चालतील. पाणी तसंच साचलेलं असेल तर बहाव्याचं नाव काढू नका, त्याला बुडाशी पाणी अजिबात सोसत नाही, पहिल्याच पावसाळ्यात मूळ कुजतं आणि ऑगस्टमध्ये रोप पिवळं पडून जातं. ताम्हण त्या मानाने सोशीक. कोकणात तो नदीकाठी, ओढ्याच्या कडेला आपोआप वाढतो, पाय ओले असण्याची त्याला सवय आहे. तरीही आठवडाभर तळं साचणारी जागा त्यालाही नको, तिथे आधी भर घालून उंचवटा करा.

पायरी ३: रोप आणताना

सामाजिक वनीकरण किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेत दोन्ही रोपं मिळतात आणि वनमहोत्सवाच्या दिवसांत सवलतीत मिळतात, फक्त रोपं लहान असतात. खासगी नर्सरीत पाच-सहा फुटी मिळतात, महाग पडतात, पण सोसायटीत जिथे पोरं क्रिकेट खेळतात आणि गाड्या रिव्हर्स होतात तिथे मोठंच रोप घ्या, लहान रोप वर्षभर टिकत नाही.

नावावर जाऊ नका, पान बघा. ताम्हणाच्या नावाखाली नर्सरीवाले बऱ्याचदा त्याचे छोटे विलायती भाऊबंद देतात, पान दोन-तीन इंची, झाड झुडपासारखं राहतं, फुलं सुंदर असतात पण सावलीच्या नावाने शून्य. काही जातींत जांभळं फूल फिकट होत होत पांढरं पडतं, तेही आपल्याला हवं ते नव्हे. तुमच्या रोपाचं पान तुमच्या तळहातापेक्षा लांब हवं. तसंच बहाव्याच्या नावाखाली काशिद खपवतात. काशिदाच्या पत्र्या बोटाच्या पेराएवढ्या, लहान आणि लांबट. बहाव्याची एकेक पत्री चांगली तीन ते सहा इंच, वरून चकचकीत. रोप लहान असलं तरी हा फरक दिसतो. आणि सोनमोहर म्हणून जो मिळतो त्याचं पान तर गुलमोहरासारखं बारीक चिरलेलं, त्यात गोंधळ व्हायला नको.

आता पिशवी उचला आणि तळ बघा. भोकातून जाड मूळ बाहेर येऊन नर्सरीच्या जमिनीत घुसलेलं असेल तर ते रोप घेऊ नका, उपटताना तुटलं की झालं. दुकानदाराला सांगून पिशवीची कड जरा खाली सरकवायला लावा. पांढरी बारीक मुळं मातीत सगळीकडे दिसली तर उत्तम. एकच जाड मूळ स्प्रिंगसारखं गोल-गोल फिरलेलं दिसलं तर ते झाड मोठं झाल्यावर स्वतःच्याच मुळाने आवळलं जातं आणि वादळात बुडापासून आडवं होतं. खोडावर नखाने किंचित खरवडा, खाली हिरवं आणि ओलसर दिसायला हवं. उंच पण छडीसारखं बारीक रोप नको, त्यापेक्षा फूटभर बुटकं पण बुडाशी अंगठ्याएवढं जाड घ्या. आणि शेंडा मोडलेला नसावा, हे ताम्हणाच्या बाबतीत जास्त बघा कारण शेंडा गेला की तो खालून चार-पाच धुमारे काढतो आणि झाडाचं झुडूप होतं.

बियांपासून करायचं असेल तर बहाव्याची बी टणक असते, सँडपेपरवर एक बाजू घासा, गरम पाण्यात रात्रभर भिजवा, मगच पेरा, नाहीतर महिनोन्महिने वाट बघाल. ताम्हणाची बी बारीक आणि पंखवाली, ताजी पेरावी लागते. पण नवख्याने रोपच आणावं.

पायरी ४: खड्डा, मे महिन्यात

पाऊस आल्यावर खड्डा खणायला घेतला तर चिखल तुडवत बसाल. मे महिन्यातच खणून ठेवा, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. जागा कमी असेल तर दोन-दोन-दोन, पण डेब्रिजच्या जमिनीत तीनच घ्या कारण खड्ड्याबाहेर त्या बिचाऱ्याला काही मिळणार नाहीये. निघालेलं डेब्रिज परत आत टाकायचं नाही. माळी "साहेब, तळाला विटांचे तुकडे टाकतो, पाणी जातं" म्हणेल, त्याला नको सांगा, कुंडीत ठीक आहे, जमिनीत उलट पाणी तिथेच साठतं. पंधरा दिवस खड्डा उन्हात तापू द्या.

भरायला दोन भाग चांगली माती, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा सोसायटीचं ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट (पूर्ण तयार झालेलं, वास येणारं नको) आणि दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड. वाळवी असेल तर पेंड जरा जास्त. रासायनिक खत आत्ता नको.

पायरी ५: लावणं

मुंबईत पावसाची सरकारी तारीख ११ जून. त्याच्या आधी एखादी वळवाची सर येते आणि लोक उत्साहात रोप लावून मोकळे होतात, मग आठ-दहा दिवस कडक ऊन. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आतून भिजू द्या, मग ढगाळ दिवस बघून संध्याकाळी लावा. जून अखेर ते जुलै मध्य बेस्ट.

पिशवी उभी कापून काढा. खरंच काढा, प्लास्टिकसकट लावलेली झाडं मुंबईत ढिगाने आहेत. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नका. खोड जिथे मुळांना मिळतं ती रेघ आजूबाजूच्या जमिनीच्या लेव्हलला, किंवा बोटभर वर. खोड मातीत गाडलं की साल कुजते. माती पायाने हळू दाबा, नाचू नका.

आधाराला दोन बांबू, रोपाच्या दोन बाजूंना, गोळ्याच्या बाहेर ठोकलेले. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यात, खोड जरासं हलू शकेल इतकी सैल. हलल्यानेच खोड जाड होतं. तार किंवा नायलॉनची दोरी अजिबात नको, वर्षाने ती सालीत रुतते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि पेव्हर ब्लॉक! सोसायटीत कंपाउंडचं काम निघालं की कंत्राटदार खोडाला भिडवून ब्लॉक बसवतो. मीटिंगमध्ये आधीच लिहून घ्या की झाडाभोवती चार बाय चार फूट माती उघडी राहील. तेवढ्या जागेत वाळका पाला आणि नारळाची सोडणं पसरा, खोडापासून चार बोटं लांब.

पहिली दोन-तीन वर्षं

पावसाळ्यात काही करावं लागत नाही, फक्त वाऱ्याने कललं तर सरळ करणं आणि बुडाशी वाढलेलं तण काढणं. खरी परीक्षा ऑक्टोबर हीटला. गणपती-नवरात्र होतात, पाऊस जातो, सगळे दिवाळीच्या गडबडीत, आणि रोप नेमकं तेव्हा सुकतं. ऑक्टोबरपासून पुढच्या पावसापर्यंत आठवड्यातून दोनदा एकेक मोठी बादली, सावकाश, खोडावर नाही तर फूटभर लांब रिंग करून. रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्या काकू सगळीकडे असतात, त्यांचं मन मोडू नका पण तेवढ्याने मुळं वरच राहतात, खोल जात नाहीत. मे महिन्यात पाणीकपात आली तर एसीचं पाणी बादलीत धरा, त्यात क्षार नसतात, झाडाला चालतं. साबणाचं पाणी नको.

ताम्हण जानेवारीत पानं गाळेल. नवीन माणूस घाबरतो, "झाड मेलं" म्हणून उपटून टाकायला निघतो. तेच नखाने खरवडायचं, खाली हिरवं असलं की वाट बघायची. या काळात पाणी कमी करा, बंद नको.

बहाव्यावर पावसाळ्यात हिरव्या अळ्या येतात, दोन दिवसांत पानं जाळीदार. औषध मारू नका. नीट बघितलं तर त्या अळ्या पानाच्या मधल्या शिरेवर, अगदी शिरेच्याच रंगाच्या, लांबट होऊन पडलेल्या असतात, हात लावेपर्यंत कळत नाही. त्यांची फिकट पिवळसर-पांढरी फुलपाखरं होतात, आणि झाड परत पान काढतं. रोप अगदीच लहान असेल तर हाताने वेचा, बस. ताम्हणाला कधी पिठ्या ढेकूण (कापसासारखे पांढरे किडे) किंवा पानांवर भुरी (पांढरी बुरशी), निंबोळी तेलाची फवारणी पुरते.

वाढ ताम्हणाची जोरात, बहावा पहिली दोन वर्षं जागेवरच असल्यासारखा वाटतो आणि मग उठतो. फुलांना दोघांनाही काही वर्षं जातात, शेजारच्या सोसायटीचं झाड बघून खत ओतायला जाऊ नका.

कचरा कोण काढणार

हे आधी बोलून घ्या, भांडणं यावरूनच होतात. ताम्हणाचा पाला मोठा आणि कडक, दोन महिने रोज झाडू, पण मोठं पान गोळा करायला सोपं आणि त्याचं पालापाचोळ्याचं खत चांगलं होतं. बोंडं हलकी, गाडीच्या टपावर टपकली तरी काही होत नाही. बहाव्याच्या पाकळ्या मे महिन्यात सुंदर, पण पहिला पाऊस पडला की फरशीवर त्यांचा निसरडा थर. आणि शेंगा. एक ते दोन फूट लांब, काळ्या, दंडुक्यासारख्या, पिकून वर्षभराने खाली येतात, पार्किंगवर नको तो म्हणूनच. आतला मगज चिकट, वास धरणारा आणि जोरदार रेचक. औषधात वापरतात ते वैद्याच्या हिशेबाने, पोरांनी शेंग फोडून चाटली तर रात्र बाथरूममध्ये. खेळायच्या जागेवर बहावा लावलाच तर शेंगा पडतील तशा उचलायची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर लिहा.

छाटणी

पहिली तीन वर्षं एकच शेंडा ठेवा. ताम्हणाच्या बुडातून येणारे धुमारे कोवळे असतानाच खुडा. खालच्या फांद्या एकदम उडवू नका, दर वर्षी एक-दोन काढत माणसाच्या डोक्याच्या वर, सात-आठ फुटांपर्यंत खोड मोकळं करा. ताम्हणाची फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून त्याची छाटणी पानं गळालेली असताना, जानेवारी-फेब्रुवारीत. बहाव्याला हात लावायचा तो फुलं होऊन गेल्यावर आणि पावसाचा जोर ओसरल्यावर, तोही कमीत कमी. फेब्रुवारीत छाटलात तर त्या वर्षीची फुलं स्वतःच कापलीत.

हे झालं लहान झाडाचं. मोठं झाल्यावर मात्र झाड तुमच्या आवारात असलं, तुम्हीच लावलेलं असलं, तरी मनाला येईल तसं कापता येत नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, मुंबईत परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लागते, आणि अर्ज जातो आपल्या वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात. फांद्या छाटायच्या असतील तरी अर्ज. तो मे अखेरीला करू नका, तेव्हा सगळ्या मुंबईला पावसाळ्याआधीची छाटणी आठवते. जानेवारीतच द्या, ताम्हणाची वेळही तीच. अर्जाबरोबर सोसायटीचं लेटरहेड, झाड कुठल्या बाजूला आहे त्याचं साधं स्केच, आणि खिडकीला किंवा तारेला लागणाऱ्या नेमक्या फांदीचा फोटो जोडा, त्यावर पेनाने खूण करून. खूण नसली तर कापायला आलेली माणसं एका बाजूचं सगळंच उतरवून जातात, आणि एका बाजूला जड झालेलं झाड पुढच्या पावसात त्याच बाजूला झुकतं. कापणी चालू असताना कमिटीतलं कोणीतरी खाली उभं राहा.